बोटे पांढरी पडतात तेव्हा : कोकणकिनाऱ्यावर रेनॉडच्या विकाराचे निदान आणि उपचार

कोकणात थंडीच कुठे पडते, असे म्हणून ही तक्रार बहुधा घरातच निकालात काढली जाते. बोटे एकाएकी पांढरीफटक पडतात, बधिर होतात, काही मिनिटांनी निळसर दिसू लागतात आणि मग लाल होऊन ठणकतात. घरची मंडळी ‘अशक्तपणा आहे’, ‘अंगात रक्त कमी आहे’ असे सांगतात, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत हात पूर्ववत झालेला असल्यामुळे डॉक्टरांना दाखवण्यासारखे काहीच उरत नाही. मोरिस रेनॉड या फ्रेंच वैद्याने १८६२ साली आपल्या प्रबंधात या लक्षणांचे वर्णन केले, म्हणून त्यांना रेनॉडचा विकार असे नाव मिळाले. ज्यांना हा त्रास होतो त्यांपैकी बहुतेकांना त्यापासून कायमची इजा होत नाही. परंतु थोड्यांच्या बाबतीत ती एखाद्या गंभीर आजाराची पहिली खूण असते आणि ती कधी कधी मूळ आजाराच्या कित्येक वर्षे आधी दिसते. हे दोन गट वेगळे करण्यासाठी लागणारी निम्म्याहून अधिक माहिती रुग्णाच्या स्वतःच्या निरीक्षणातून मिळते. ती कशी गोळा करावी, डॉक्टरांकडे कोणत्या क्रमाने जावे आणि उपचार कसे करावेत, हे पुढे सविस्तर मांडले आहे.

थंडी नसलेल्या प्रदेशात हा विकार का होतो

गार लागले की शरीर आतली उष्णता राखण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या आवळते. हे प्रत्येकाच्या बाबतीत घडते. रेनॉडच्या विकारात बोटांच्या धमन्या आणि त्वचेतील त्यांच्या सूक्ष्म शाखा प्रमाणाबाहेर आवळल्या जातात आणि काही काळ बोटाच्या टोकाला रक्तच पोहोचत नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायूपेशींवर असणारे एका विशिष्ट प्रकारचे ग्राहक (संदेश टिपणारे रेणू) गारव्यामुळे अधिक संख्येने पृष्ठभागावर येतात आणि मज्जातंतूंकडून येणाऱ्या नेहमीच्याच संदेशाला त्या वाहिन्या नको तितका प्रतिसाद देतात. भीती, घाई, वादावादी यांमुळेही असाच झटका येऊ शकतो, कारण त्या वेळीही तोच संदेश शरीरात वाढलेला असतो.

यातून किनाऱ्यावरच्या माणसाने लक्षात घ्यायची गोष्ट अशी की, झटका येण्यासाठी कडाक्याच्या थंडीची गरज नसते. तापमानात एकदम झालेला उतार पुरेसा असतो. दापोलीसारख्या उंचावरच्या भागात हिवाळ्याच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो हे खरे. परंतु मिरकरवाड्याच्या बंदरात किंवा हर्णैच्या लिलावात दमट उकाड्यात उभे राहून बर्फातली मासळी वेगळी करणाऱ्या हाताला क्षणात सोसावा लागणारा फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. आंबा-मासळीची शीतगृहे, कोळंबी सोलण्याच्या शेडमधले बर्फाचे पाणी, लावणीच्या दिवसांत तासन्‌तास चिखलपाण्यात बुडालेले हात, पावसात भिजलेल्या अंगाने केलेला दुचाकीचा प्रवास, आणि बाहेरून घामाघूम येऊन बसण्याची वातानुकूलित कचेरी, ही सारी या विकाराची नेहमीची कारणस्थळे आहेत. ओला हात वाऱ्यावर लवकर गार पडतो, त्यामुळे पावसाळ्याचे चार महिने अनेकांना हिवाळ्यापेक्षा जड जातात.

पहिली पायरी : झटका नीट पाहणे

खऱ्या झटक्याची सर्वांत विश्वसनीय खूण म्हणजे पांढरेपणाची स्पष्ट सीमारेषा. बोट एका ठरावीक ठिकाणापासून टोकापर्यंत मेणासारखे फिके दिसते आणि त्याच्या अलीकडची त्वचा नेहमीच्या रंगाची असते. त्यानंतर निळसरपणा आणि शेवटी लाली, अशा तीन अवस्था पुस्तकांत दिलेल्या असतात. प्रत्यक्षात तिन्ही दिसतीलच असे नाही, मात्र पांढरा रंग दिसणे निदानासाठी सर्वांत महत्त्वाचे असते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर हा फिकेपणा हाताच्या मागच्या बाजूने चटकन लक्षात येत नाही. अशा वेळी तळहाताकडची बाजू आणि नखांखालचा भाग पाहावा, आणि त्रास होत नसलेले बोट शेजारी ठेवून तुलना करावी. हात ऊबेत आणल्यावर साधारण पंधरा-वीस मिनिटांत रंग परत येतो. बहुधा अंगठा सुटतो आणि बाकीच्या बोटांना त्रास होतो. अंगठाही सापडत असेल तर ती गोष्ट डॉक्टरांना मुद्दाम सांगावी, कारण दुय्यम, म्हणजे दुसऱ्या आजारामागून आलेल्या प्रकारात तसे अधिक वेळा आढळते. पायांची बोटे, कानांच्या पाळ्या, नाकाचा शेंडा आणि स्तनपान देणाऱ्या मातांत स्तनाग्रेही याच पद्धतीने पांढरी पडू शकतात.

झटका चालू असताना मोबाइलने दोन्ही हातांचे, तळहात आणि मागची बाजू असे, उजेडात छायाचित्र काढून ठेवावे. या विकारात असे एक स्पष्ट छायाचित्र डॉक्टरांना अनेक महागड्या चाचण्यांपेक्षा अधिक सांगून जाते, म्हणून लाजू नये किंवा आळस करू नये. मात्र झटका मुद्दाम आणण्यासाठी घरी बर्फाच्या पाण्यात हात बुडवून पाहू नये. डॉक्टरही आता निदानासाठी ही पद्धत सहसा वापरत नाहीत, आणि ज्यांची रक्तवाहिनी आधीच खराब झालेली आहे त्यांना त्यातून इजा होऊ शकते.

छायाचित्राच्या जोडीला तीन-चार आठवडे एका वहीत नोंद ठेवावी : कोणत्या हाताची कोणती बोटे, कशाच्या संपर्कानंतर, किती वेळ, दुखले की फक्त बधिर झाले, आणि त्या दिवशी कोणती गोळी किंवा किती तंबाखू घेतली. कामाचा तपशील लिहिताना ‘मासळीचे काम’ एवढे पुरेसे नाही. बर्फ फोडणे, निवडणे, सोलणे, टोपली वाहणे यांपैकी नेमके काय चालू होते तेही लिहावे.

दुसरी पायरी : साधा प्रकार की दुसऱ्या आजारामागून आलेला

साध्या, म्हणजे प्राथमिक प्रकारात त्रास बहुधा पंधरा ते तीस या वयात सुरू होतो, स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, दोन्ही हातांना सारखा होतो, बोटांवर जखमा होत नाहीत आणि रक्तवाहिन्यांची रचना शाबूत राहते. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांत लोकसंख्येच्या सुमारे तीन ते पाच टक्के लोकांत हा विकार आढळतो, आणि त्यांतील बहुसंख्य याच प्रकारचे असतात. घरात आई किंवा बहिणीलाही तसेच होत असेल तर हीच शक्यता वाढते.

दुय्यम प्रकाराची शंका येण्यासारख्या खुणा निराळ्या असतात. वयाच्या चाळिशीनंतर पहिल्यांदाच त्रास सुरू होणे, तो एकाच हाताला किंवा एकाच बोटाला होणे, पुरुषाला होणे, वेदना फार असणे आणि बोटाच्या टोकावर बारीक खड्डा, व्रण किंवा काळसर खपली दिसणे, यांपैकी काहीही असेल तर केवळ काळजी घेऊन वाट पाहत बसू नये.

सर्वांत अधिक लक्ष द्यावे असा मूळ आजार म्हणजे त्वचा आणि आतील अवयव घट्ट करत जाणारा सिस्टेमिक स्क्लेरोसिस, ज्याला बोलताना स्क्लेरोडर्मा म्हणतात. त्याच्या दहापैकी नऊहून अधिक रुग्णांना रेनॉडचा त्रास असतो आणि अनेकदा तोच पहिला दिसतो. अंगठी बोटातून निघेनाशी होणे, सकाळी बोटे फुगून मूठ पुरती न मिटणे, बोटांवरची कातडी चिमटीत न येणे, घास घशाखाली अडकणे, छातीत सतत जळजळ होणे, चढण चढताना पूर्वी लागत नसलेली धाप लागणे, आणि चेहऱ्यावर व तळहातावर बारीक लाल ठिपके उमटणे, ही त्याची बोलकी लक्षणे आहेत. ल्युपसमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणाऱ्या आजारात, उन्हाने चेहऱ्यावर चट्टा उठतो, तोंड येते, केस गळतात, सांधे दुखतात आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. शोग्रेनच्या आजारात डोळे व तोंड इतके कोरडे पडते की पाण्याच्या घोटाशिवाय भाकरी गिळता येत नाही. थायरॉइडची कमतरता, रक्त घट्ट होण्याचे काही विकार, मानेपाशी असलेल्या जादा बरगडीमुळे दबलेली रक्तवाहिनी, आणि तरुण स्त्रियांत मोठ्या धमन्या अरुंद करणारा ताकायासूचा आजार, हेही या यादीत येतात. म्हणूनच दोन्ही हातांची नाडी आणि दोन्ही हातांचा रक्तदाब मोजून घ्यावा. या साध्या तपासणीला खर्च नाही आणि ती अनेकदा राहून जाते.

तरुण पुरुष, विडी किंवा सिगारेट ओढणारा, चालताना तळपाय दुखून थांबावे लागणारा, पायाच्या बोटावर न भरणारी जखम आणि त्वचेखाली दोरीसारखी दुखरी शीर, असे चित्र असेल तर तो लिओ बर्गर याने १९०८ साली वर्णन केलेला बर्गरचा आजार असण्याची दाट शक्यता असते. तो वेगळा आजार आहे आणि त्याचा उपचार तंबाखू पूर्णपणे बंद करण्यापासूनच सुरू होतो. कमी करून भागत नाही. दिवसाला एक-दोन विड्या चालू राहिल्या तरी आजार पुढे सरकतो आणि बोटे किंवा पाय कापण्याची वेळ येऊ शकते.

यंत्राचा कंप

कोकणात या विषयाकडे फारसे लक्ष गेलेले नाही, म्हणून त्यावर थोडे थांबणे आवश्यक वाटते. थरथरणारे यंत्र वर्षानुवर्षे हातात धरल्याने बोटांच्या वाहिन्या व मज्जातंतू दोन्ही बिघडतात, हे शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. १९१८ साली ॲलिस हॅमिल्टन या अमेरिकी डॉक्टरने इंडियाना राज्यातील चुनखडीच्या खाणींवर हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वापरणाऱ्या पाथरवटांची पाहणी केली आणि त्यांच्या पांढऱ्या पडणाऱ्या बोटांचा संबंध त्या हत्यारांशी जोडला. जांभ्याच्या खाणीवरचे कटिंग मशीन, रस्त्याचे ब्रेकर, झाड तोडण्याची चेनसॉ आणि हापूसच्या बागेत गवत काढण्यासाठी आता घरोघर आलेले ग्रासकटर ही सगळी त्याच जातीची साधने आहेत.

अशा कामगाराच्या बोटांत सुरुवातीला केवळ मुंग्या येतात, तेही काम संपल्यानंतर. पुढे एखाद्या बोटाचे टोक गार सकाळी पांढरे पडते, मग पांढरेपणा पेरे ओलांडून तळहाताच्या दिशेने सरकतो, आणि शेवटी शर्टाचे बटण लावणे किंवा नाणे उचलणे अवघड होते. सुरुवातीच्या टप्प्यात यंत्र सोडले तर रक्ताभिसरण बरेचसे सुधारते. मज्जातंतूंची हानी मात्र सहसा भरून येत नाही, म्हणून मुंग्यांच्या टप्प्यावरच हालचाल करावी. यंत्राचे पाते धारदार आणि सुटे भाग घट्ट ठेवावेत, कारण बोथट पात्याला अधिक जोर लागतो आणि कंपही वाढतो. हत्यार गरजेपेक्षा घट्ट आवळू नये. सलग काम न करता माणसे आळीपाळीने बदलावीत. कंप शोषणारे म्हणून विकले जाणारे हातमोजे हात ऊबदार ठेवण्यापुरते उपयोगी आहेत, पण त्यांच्या भरवशावर यंत्राचे तास वाढवू नयेत. युरोपीय महासंघाने २००२ सालच्या निर्देशात आठ तासांच्या कामासाठी हाताला पोहोचणाऱ्या कंपाची कमाल मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग ठेवली आहे आणि २.५ पासूनच मालकाने उपाय योजावेत असे सांगितले आहे. नवे यंत्र घेताना त्याच्या माहितीपुस्तिकेत हा आकडा शोधावा आणि दोन यंत्रांत कमी आकड्याचे निवडावे.

गल्लत होणारे विकार

बोटे बधिर होणे म्हणजे रेनॉडच असे नाही. कोकणात याचा विचार करताना कुष्ठरोग आधी वगळला पाहिजे. त्यात बधिरपणा येऊन-जाऊन नसतो, तो कायम असतो. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा असतो आणि चट्ट्यावर स्पर्श, गरम-गार कळत नाही. चटका लागूनही दुखत नाही. त्याची तपासणी आणि बहुविध औषधोपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, आणि वेळेवर घेतलेल्या उपचाराने तो पूर्ण बरा होतो, त्यामुळे शंका लपवून ठेवण्याचे काहीही कारण नाही. रात्री झोपेतून उठवणाऱ्या मुंग्या, विशेषतः अंगठा व त्याच्या शेजारच्या दोन बोटांत येणाऱ्या, मनगटातील मज्जातंतू दबल्याने येतात. मधुमेहाचा बधिरपणा पायांपासून सुरू होतो. हात सतत निळसर, गार आणि घामेजलेले राहत असतील, पण पांढरे पडत नसतील आणि दुखतही नसतील, तर तो ॲक्रोसायनोसिस नावाचा बहुधा निरुपद्रवी प्रकार असतो.

तिसरी पायरी : तपासणी आणि चाचण्या

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातील किंवा नेहमीच्या डॉक्टरांपासून करावी. रक्तातील पेशींची मोजणी, ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारी चाचणी), लघवीची साधी तपासणी, क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी चाचणी) आणि थायरॉइडची टीएसएच चाचणी या तालुक्याच्या गावी होण्यासारख्या आहेत. त्यांच्या जोडीला एएनए ही प्रतिपिंडांची चाचणी करावी, आणि ती इम्युनोफ्लुरोसन्स पद्धतीनेच करावी असे प्रयोगशाळेला स्पष्ट सांगावे, कारण त्या पद्धतीत प्रमाण आणि नमुना दोन्ही कळतात. अगदी कमी प्रमाणातील एएनए निरोगी माणसांतही सापडते. केवळ ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वाचून घाबरून जाऊ नये. ते अधिक प्रमाणात असेल तर सेंट्रोमिअर, एससीएल-७० आणि आरएनए पॉलिमरेज-३ यांविरुद्धची प्रतिपिंडे पाहावी लागतात.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटणारी तपासणी म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या पाहणे. नखाच्या मागच्या कडेवर तेलाचा किंवा जेलचा थेंब टाकून भिंगातून पाहिले असता निरोगी माणसात केसांत खोचायच्या आकड्यासारख्या बारीक, एकसारख्या वाहिन्यांची रांग दिसते. स्क्लेरोडर्माच्या दिशेने जाणाऱ्या रुग्णात त्यांपैकी काही कमालीच्या फुगलेल्या, काही ठिकाणी बारीक रक्तस्राव झालेला आणि काही जागा रिकाम्याच दिसतात. यासाठी खास यंत्र असलेले केंद्र गाठता आले तर उत्तम, परंतु त्वचारोगतज्ज्ञाकडे असलेल्या डर्माटोस्कोपने आणि काही प्रमाणात नेत्रतज्ज्ञाच्या ऑफ्थॅल्मोस्कोपनेही ठळक बिघाड दिसतो. त्या भेटीआधी काही आठवडे नखांच्या मुळाची कातडी कापू नये आणि नेलपॉलिश लावू नये.

प्रतिपिंडे आणि केशवाहिन्या या दोन तपासण्यांचे वजन किती आहे हे कॅनडातील ५८६ रुग्णांच्या दीर्घकालीन पाहणीत दिसले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, ज्यांच्या केशवाहिन्या सुरुवातीला निर्दोष होत्या आणि स्क्लेरोडर्माची विशिष्ट प्रतिपिंडेही नव्हती, त्यांच्यापैकी दोन टक्क्यांहून कमी जणांना पुढे तो आजार झाला. ज्यांच्यात दोन्ही दोष होते त्यांच्यात हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या जवळ गेले. दोन्ही अहवाल चांगले आले तर माणसाने निर्धास्तपणे कामाला लागावे असे मी म्हणतो ते या आधारावर. दोन्हींपैकी एकही बिघडला असेल तर मात्र संधिवाततज्ज्ञाकडे जावे. किनाऱ्यावर असे तज्ज्ञ थोडे आहेत. रत्नागिरी, ओरोस किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातील फिजिशियनकडून चिठ्ठी घेऊन मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्याकडे जाताना सर्व अहवाल, छायाचित्रे आणि नोंदवही बरोबर न्यावी, म्हणजे दुसरी खेप वाचते.

झटका आला असता काय करावे

हातातले गार काम तत्काळ सोडावे आणि वाऱ्यापासून आडोशाला जावे. हात कोरडे करून काखेत किंवा पोटाशी धरावेत, किंवा संपूर्ण हात खांद्यापासून गोल फिरवावेत, म्हणजे रक्त बोटांकडे जाते. कोमट पाण्यात हात ठेवणे हा सर्वांत लवकर आराम देणारा उपाय आहे. परंतु पाणी किती गरम आहे हे बधिर बोटांना कळत नाही, म्हणून ते कोपराने तपासावे किंवा दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावे. चुलीवर हात शेकणे, गरम तव्याजवळ धरणे, गरम पाण्याची पिशवी थेट बोटांवर दाबणे हे प्रकार टाळावेत, कारण त्यातून झालेले भाजणे आधीच रक्त कमी असलेल्या बोटावर आठवडेच्या आठवडे भरत नाही. बोटे जोरजोराने चोळूही नयेत.

कामाच्या जागी झटके टाळणे

केवळ हात झाकून भागत नाही. छाती, पोट आणि डोके ऊबदार राहिले तरच शरीर बोटांकडे रक्त सोडते. पहाटे बंदरावर जाताना अंगात सुती बंडी, वर पातळ स्वेटर आणि त्यावर रेनकोट असावा, आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवावा. बर्फ हाताने उचलण्याऐवजी फावडे किंवा लांब दांड्याचा डबा वापरावा. हातमोजे घेताना रबरी मोजा एक माप मोठा घेऊन आत सुती किंवा लोकरीचा पातळ मोजा घालावा. घट्ट रबरी मोजा बोटांना आवळतो आणि घाम साठवतो, त्यामुळे त्याचा उलटा परिणाम होतो. आतला मोजा ओला झाला की लगेच बदलावा, यासाठी दिवसाला तीन-चार जोड लागतील. सोलण्या-निवडण्याच्या कामात प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाने काही मिनिटे कोमट पाण्यात हात ठेवण्याची मुभा असावी. शेडच्या मालकांनी कोमट पाण्याची एक बादली आणि कामाची आळीपाळी एवढे केले तरी बायकांचे निम्मे हाल कमी होतील, आणि ते करणे मालकाच्या हाताबाहेरचे नाही.

घरात फ्रीजरमधून वस्तू काढताना फडके वापरावे, भाजी-मासळी धुताना पाण्यात थोडे गरम पाणी मिसळावे. दुचाकीवर वारा अडवणारे मोजे घालावेत, एसटीत खिडकीजवळची जागा टाळावी. वातानुकूलित खोलीत पंख्याचा झोत थेट हातावर येणार नाही असे बसावे.

तंबाखू, मिश्री आणि चालू औषधे

निकोटीन रक्तवाहिनी आवळते, मग ते विडीतून येवो, गुटख्यातून की मिश्रीतून. किनाऱ्यावरच्या अनेक स्त्रिया दात घासण्याच्या नावाखाली दिवसातून कित्येकदा मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ असे विचारले की प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. म्हणून डॉक्टरांनीही मिश्रीबद्दल स्वतंत्रपणे विचारले पाहिजे. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवेवर समुपदेशन मिळते.

चालू औषधांची यादी डॉक्टरांना पूर्ण दाखवावी. रक्तदाब आणि हृदयासाठीची प्रोप्रानोलॉल, अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही औषधे, अर्धशिशीवरच्या अर्गोटामाइनच्या गोळ्या, सर्दीवर दुकानातून सहज मिळणाऱ्या फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेल्या गोळ्या, आणि कर्करोगावरची ब्लिओमायसिन, सिस्प्लॅटिन यांसारखी औषधे झटके आणू किंवा वाढवू शकतात. अर्धशिशी आणि रेनॉडचा त्रास एकाच व्यक्तीत अनेकदा आढळतो, त्यामुळे तिथे विशेष सावध राहावे. मात्र हृदयाची गोळी स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नये. त्यातून छातीत दुखणे किंवा हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो.

औषधोपचार

ज्यांना ऊब आणि काळजी एवढ्याने आराम पडतो त्यांनी औषध घेण्याची गरज नाही. झटके रोज येत असतील, कामात अडथळा होत असेल किंवा जखमा होत असतील तर पहिले औषध म्हणजे कॅल्शियमचा मार्ग अडवून वाहिन्या सैल करणाऱ्या गटातील निफेडिपिन किंवा अम्लोडिपिन. निफेडिपिन हळूहळू सुटणाऱ्या स्वरूपातच घ्यावे. जिभेखाली फोडायची कॅप्सूल रक्तदाब एकदम पाडते, ती या कामासाठी नाही. अम्लोडिपिन सहसा ५ मिलिग्रॅमने सुरू करून गरजेप्रमाणे १० पर्यंत नेतात. घोट्यांवर सूज, डोके दुखणे, चेहरा लाल होऊन गरम वाटणे आणि उठताना चक्कर हे त्यांचे नेहमीचे त्रास आहेत. लहान मात्रेने सुरुवात केली तर बहुतेकांना ते सोसतात. ज्यांचा त्रास पावसाळ्यात किंवा मासेमारीच्या हंगामातच असतो त्यांना डॉक्टर तेवढ्याच महिन्यांपुरते औषध देऊ शकतात.

एवढ्याने भागले नाही तर सिल्डेनाफिलसारखी औषधे, बोटावर लावण्याचे नायट्रोग्लिसरिनचे मलम, लोसार्टन किंवा फ्लुऑक्सेटिन हे पुढचे पर्याय आहेत. छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी, म्हणजे सॉर्बिट्रेट वगैरे, घेणाऱ्याने सिल्डेनाफिल कधीही घेऊ नये, कारण दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक पातळीवर उतरतो. मलमालाही हाच नियम लागू आहे. वारंवार व्रण होणाऱ्या स्क्लेरोडर्माच्या रुग्णांना रुग्णालयात शिरेतून इलोप्रोस्ट देतात, आणि नवे व्रण टाळण्यासाठी बोसेंटान वापरतात. लोसार्टन आणि बोसेंटान गरोदरपणात चालत नाहीत, म्हणून मूल होण्याचा विचार असेल तर तो आधी सांगावा. औषधांनी बोट वाचत नसेल तेव्हा बोटाच्या धमनीभोवतीचे मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया करता येते.

सांधेदुखीसाठी मिळणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्या आणि गोळ्या या रुग्णांनी मुळीच घेऊ नयेत. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असते, आणि सुरुवातीच्या स्क्लेरोडर्मात स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेने मूत्रपिंड एकाएकी निकामी होण्याचा धोका वाढतो.

जखम आणि तातडीची लक्षणे

बोटाच्या टोकावरची जखम कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन, टिपून कोरडी करावी, मलमपट्टीने झाकावी आणि बरी होईपर्यंत त्या हाताने मासळी, बर्फ, चिखल यांना स्पर्श करू नये. माशाचा काटा लागून होणारे संसर्ग निरोगी हातालाही जड जातात. रक्तपुरवठा अपुरा असलेल्या बोटात ते झपाट्याने हाडापर्यंत जाऊ शकतात. काटा लागल्यानंतर बोट सुजले, ठणकू लागले, लाल-जांभळे झाले किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि समुद्राच्या पाण्याशी किंवा मासळीशी संबंध आल्याचे आवर्जून सांगावे, कारण त्यावरून प्रतिजैविकाची निवड बदलते.

ऊब देऊनही एखादे बोट तास-दोन तासांत पूर्ववत झाले नाही, असह्य वेदना होऊ लागल्या, टोक काळे पडू लागले, किंवा आधी कधीही त्रास नसलेला एक हात एकदम गार, फिका आणि नाडीहीन झाला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. शेवटच्या प्रकारात हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी धमनीत अडकलेली असू शकते, विशेषतः झडपेचा जुना आजार किंवा अनियमित नाडी असलेल्या माणसात, आणि अशा वेळी काही तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तरच हात वाचतो. अशा रुग्णासाठी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळच्या लहान दवाखान्यात थांबून वेळ न घालवता शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

पुढील देखरेख

प्राथमिक प्रकार ठरल्यावरही पहिली काही वर्षे दर वर्षी एकदा बोटे, नखांची मुळे, रक्तदाब आणि लघवी तपासून घ्यावी, आणि बोटांना सूज, कातडीचा ताठरपणा किंवा धाप यांपैकी काही नव्याने दिसले तर वर्ष संपण्याची वाट पाहू नये. स्क्लेरोडर्माचे निदान झालेल्यांनी घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवावे आणि सुरुवातीच्या काही वर्षांत आठवड्यातून किमान दोनदा वाचन लिहून ठेवावे. नेहमीपेक्षा तो अचानक वाढलेला आढळला तर मूत्रपिंडावर परिणाम होत असण्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी क्रिॲटिनिन करून घ्यावे लागते. त्यांच्या फुप्फुसांची क्षमता आणि हृदयाचा इकोही ठरावीक काळाने होणे आवश्यक आहे. यंत्रावर काम करणाऱ्यांनी त्रास सुरू झाल्याचा महिना आणि यंत्राचा प्रकार डॉक्टरांच्या केसपेपरवर लेखी नोंदवून घ्यावा, कारण पुढे काम बदलून मागताना किंवा भरपाईचा प्रश्न आला तर तीच नोंद पुरावा म्हणून उपयोगी पडते.